हिरवा उजेड, पितळी बूच

३ नोव्हेंबर

उशीर झाला, माफी असावी. पुतणीने ही वही जानेवारीत दिली होती. "काका, सारखं डोक्यात घोळवत बसतोस, त्यापेक्षा लिहीत जा." पहिल्या पानावर नाव घातलं आणि त्यानंतर या वहीवर फक्त चहाचा कप ठेवला. गोल डाग पडलाय. मनाला लावून घेऊ नये. चौथीनंतर माझा पेनाशी फारसा संबंध आला नाही. सही येते, वाचता येतं, बाकी सगळं वल्ह्यावर भागलं.

आज लिहायला बसलो कारण तलावावर लेसरवाले आलेत. मोठी गाडी, मागे पिवळा पत्र्याचा डबा, आणि वायरी — एवढ्या वायरी की बघूनच मला धडकी भरली. पाणी खात्याचे साहेब सोबत होते. तलावाच्या तळातून नवा नळ टाकायचाय. त्याआधी तळाशी काय काय पडलंय ते बघायचं — लेसरच्या उजेडाने. मोटरच्या बोटीचे बुडबुडे त्या उजेडाच्या आड येतात म्हणे, म्हणून वल्ह्याची होडी हवी. रुंद आणि सपाट बुडाची. ती या काठावर एकट्या माझ्याकडे उरलीय.

"होडी हवी, आणि तुम्हीही हवे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आतून वहिनींचा आवाज आला, "विचार कसला करायचाय भाऊजी? हो म्हणा!"

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा बत्तीस वर्षांपूर्वी एका धुक्याच्या सकाळी होडी घेऊन गेला. परत आला नाही. होडीही आली नाही. पाणबुडे उतरले होते, पण गाळात स्वतःचा हात दिसेना, रिकामेच वर आले. तेव्हापासून वहिनी याच घरात, पुढच्या खोलीत, तळ्याकडच्या खिडकीशी. मी मागच्या खोलीत. माझं लग्न राहूनच गेलं. सुरुवातीला लोक बोलायचे, मग त्यांचीही तोंडं दुखली.

आता वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पुतणी शहरात बोलावते — ऑपरेशन कर, माझ्याकडेच राहा. वहिनींचं एकच पालुपद: "ते वर आले की येते."

म्हणजे बघ. लेसरला दादा सापडला तर वहिनी जाणार. नाही सापडला तर वहिनी राहणार आणि डोळे जाणार. इकडे आड तिकडे विहीर. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून तुला.

४ नोव्हेंबर

होडी उलटी करून तळ खरवडला. दोन फटींत डांबर भरलं. वल्ह्यांना तेल दिलं.

मग बूच. होडीच्या बुडाला एक भोक असतं आणि त्याला पितळी बूच. होडी काठावर ओढली की बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. काढलेलं बूच साखळीने मागच्या खुंटीवर अडकवायचं. कुठे खाली टाकायचं नाही, खिशात घालायचं नाही. खुंटीवर पितळ दिसलं की समजायचं, होडीचं भोक उघडं आहे, पाण्यात ढकलायची नाही. बाबांनी घालून दिलेला नियम. दादाने लहानपणी एकदा बूच काढून तसंच होडीत टाकलं होतं. बाबांनी वल्ह्याच्या दांड्याने त्याची पाठ सोलली. मी कडेला उभा राहून रडत होतो. मार त्याला आणि ओली चड्डी माझी. घरच्या दोन्ही होड्यांना तशीच खुंटी, तसंच बूच — माझ्या होडीला आणि दादाच्याही.

मी बूच लावलं. घरी आलो. परत जाऊन बघितलं. जेवलो. परत जाऊन बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "एक बूच तुमच्या कपाळालाच बसवून घ्या भाऊजी. आरशात दिसेल, हेलपाटा वाचेल."

५ नोव्हेंबर

पहिला दिवस. माणसं दोनच. एक डॉक्टरबाई — पुतणीहून लहान असतील, केस मुलासारखे. दुसरा पिवळा डबा पाण्यात सोडायची चरखी फिरवतो, तो चरखीवाला. पोट एवढं की तो एका कडेला बसला तर मला दुसऱ्या कडेला दगड ठेवावा लागला.

डॉक्टर म्हटल्यावर मी गुडघ्यांचं काढलं. उठताना कळ येते, डाव्यात जास्त. त्या शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "आजोबा, मी माणसांची डॉक्टर नाही. उजेडाची आहे."

चरखीवाला म्हणतो, "कप्तानसाहेब, लावा गुडघा डब्यासमोर. आत काय काय बुडालंय ते कळेल!"

हसलो. पण कप्तानसाहेब म्हणायचं काही कारण नव्हतं.

डबा दोरावर खाली सोडतात, तळापासून थोडा वर ठेवतात. तो हिरव्या उजेडाचे ठोके मारतो. हिरवाच का, तर लाल रंग पाण्यात लगेच विझतो, हिरवा लांब पोचतो. उजेड खाली आपटून परत येतो, डब्यातला कॅमेरा तो टिपतो आणि होडीतल्या पडद्यावर चित्र उमटतं. मला वाटलं होतं बॅटरीसारखा झोत असेल. म्हटलं, मग बॅटरीच का सोडत नाही? डॉक्टरबाई म्हणाल्या, "धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला तर काय होतं?" काय होतं, समोर पांढरी भिंत उभी राहते. तसंच गाळाचं. गाळाचे कणसुद्धा उजेड परत पाठवतात, आणि ते जवळ असतात म्हणून त्यांचा आधी येतो. म्हणून हा कॅमेरा डोळे मिटून बसतो. गाळाचा उजेड येऊन गेला की निमिषभर पापणी उघडतो, तळाचा तेवढा घेतो, पुन्हा मिटतो. असं सारखं.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "यात नवीन काय? सासरी सगळ्यांचं बोलून होईपर्यंत डोळे मिटून बसायचं आणि शेवटी कामाचं तेवढं ऐकायचं. मी काय लेसर होते?"

६ नोव्हेंबर

डोळे चुरचुरतात. तो उजेड डोळ्याला वाईट असणार. वहिनी म्हणतात कांदा चिरला म्हणून. असेल.

८ नोव्हेंबर

होडी सरळ रेषेत न्यायची. एक रेघ ओढून झाली की तिला चिकटून दुसरी. शेत नांगरल्यासारखं. पाण्याखालच्या रेघा डॉक्टरबाईंच्या पडद्यावर एकाशेजारी एक लागतात आणि तळ दिसायला लागतो. करडा, मऊ, राखेसारखा. अगदी जुन्या फोटोसारखा. आज टायर दिसला. मग लोखंडी पलंग! तलावात पलंग कुणी टाकला? चरखीवाला म्हणाला, "भांडण भारी झालं असणार."

हा उजेड पिण्याच्या पाण्यात मिसळला तर काही होतं का, विचारलं. नाही म्हणाल्या. माशांना? नाही. मला? "चष्मा लावला तर नाही." त्यांनी दिलेला चष्मा लावलेलाच होता. तरी अजून एकदा हात लावून बघितला.

संध्याकाळी वहिनींनी भांडी घासता घासता, मागे न बघता विचारलं, "माणूस दिसेल का त्यात?"

मी म्हटलं, विचारतो.

"विचारा. पण कुणाचा ते सांगू नका."

९ नोव्हेंबर

धुकं. काम नाही. सारखं वाटत होतं गॅस चालू राहिलाय. नव्हता.

१० नोव्हेंबर

विचारलं. कुणाचा ते न सांगता विचारायचं होतं, पण डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून सगळंच बाहेर आलं. दादा, धुकं, पाणबुडे, वहिनींची खिडकी. चरखीवाल्याने चरखी थांबवली. त्यानंतर दिवसभर त्याने एकदाही कप्तानसाहेब म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी माणूस माणसासारखा दिसत नाही आजोबा. पण होडी दिसेल. लाकूड या थंड पाण्यात टिकतं."

"आणि होडीत काही असलं तर?"

"असलं तर सांगेन. नसलं तरी सांगेन. नसलेलं असल्यासारखं सांगणार नाही."

बोलणं आवडलं. जरा टोचलंही.

पूर्वी आवाजाच्या यंत्राने तळ मोजला होता, तेव्हा का नाही दिसली, असंही विचारलं. आवाजाने नुसता ठोकळा दिसतो म्हणे. ठोकळा म्हणजे दगडही असतो आणि होडीही. उजेडाने चेहरा दिसतो.

घरी आलो तर फोनवर पुतणी. "काका, तिथं शोधतायत ना? सापडलं की मला लगेच कळव, मी गाडी घेऊन येते. आईची खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत." मी बरं म्हटलं. "तूही ये ना काका." मी म्हटलं होडीचं कोण बघणार. ती हसली. मी चेष्टा केली नव्हती. खरंच कोण बघणार?

फोन ठेवल्यावर कळलं, मी उभ्यानेच बोललो सगळं. गुडघे आता बोलतायत.

१२ नोव्हेंबर

आज जुन्या धक्क्याच्या समोरच्या रेघा होत्या. दादाची नेहमीची वाट. पूल नव्हता तेव्हा सगळं गाव याच वाटेने पलीकडे जायचं — दूधवाले, नवऱ्या मुली, शिक्षक, एकदा तर खाट आणि खाटेवरचा आजारी. पुलाचे खांब उभे राहायला लागले तेव्हा दादा बोलेनासा झाला. जेवायचा, वल्ही मारायचा, पण बोलायचा नाही. पुलासाठी खाणीतले दगड होडीतून वाहायचं काम त्याला देऊ केलं होतं. तेही करायचा. स्वतःच्या पोटावर पाय देणारा पूल, आणि त्याचेच दगड वाहायचे!

तर त्या रेघा. एका जागी होडी बाजूला सरकली. डॉक्टरबाईंच्या पडद्यावर मधेच काळा पट्टा.

"आजोबा, इथं दात पडला."

मी म्हटलं, वारा होता.

"असू दे. उद्या तेवढा परत करू."

वारा होता असं मी सांगितलं. वाराही होता थोडा.

१३ नोव्हेंबर

काळा पट्टा भरून काढला. रेघ सुतासारखी मारली, एक बोटभर इकडेतिकडे नाही. तिथं काही नाही. गाळ, एक पत्र्याची पाटी, आणि पुलाच्या कामातला लोखंडी सांगाडा. धक्क्यापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळी वाट बघून झाली. काही नाही.

मला हायसं वाटलं. मग वहिनींची आठवण झाली आणि हायसं वाटलेलं गिळावं लागलं.

"नीट बघितलं का?" वहिनींनी विचारलं.

"नीट बघितलं."

"तुमच्यासारखं दोनदोनदा?"

"दोनदा."

त्या खिडकीशी गेल्या. त्यांना आता खिडकीतून पाणी दिसतही नसेल, नुसता उजेड. तरी बसतात. अंधार पडेपर्यंत बसल्या. मी दोनदा आत डोकावलो. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मी काही बुडत नाहीये भाऊजी. जा."

१५ नोव्हेंबर

सापडली.

नळ धक्क्याकडून नाही, खाणीच्या बाजूने जाणार असं साहेबांनी सकाळी कळवलं. म्हणून आम्ही तिकडे गेलो. तो पलीकडचा कोपरा. तिथं काठ उभा तुटलेला आणि पाणी काठालाच खोल. पाणबुड्यांनी तिकडे बघितलंच नव्हतं. धुक्यात दगडांचं काम बंद असायचं, मग दादाला तिकडे जायचं कारण काय, असं सगळे म्हणाले होते. मीही.

दुसरी की तिसरी रेघ असेल. चरखीवाला शीळ घालत होता, ती थांबली.

पडद्यावर होडी. आडवी नाही, उलटी नाही. सरळ बसलेली, जशी धक्क्याला बांधलेली असावी. मधली फळी, पुढचं टोक, त्याला मी पोरपणी कोयत्याने पाडलेली खाच. मला बघायलाही लागलं नाही. दादाचीच.

आत दगड. खाणीचे चिरे, पुढून मागे ओळीने लावलेले. त्यावर पातळ गाळ. दुसरं काही नाही.

डॉक्टरबाईंनी डबा आणखी खाली सोडायला सांगितला, मग पुन्हा पुढून मागे. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "आजोबा, आत कुणी नाही. आजूबाजूलाही नाही. मी सांगेन म्हटलं होतं, म्हणून सांगते."

मी मान हलवली.

चरखीवाला हळू आवाजात म्हणाला, "दगड वाहत होते ना ते. ओझं जास्त झालं असणार. एक लाट पुरते." डॉक्टरबाई म्हणाल्या, शक्य आहे.

शक्य आहे. मलाही तसंच वाटलं. ओझं जास्त झालं, होडी गेली, दादा गेला, पाण्याने त्याला दुसरीकडे नेलं. सगळं नीट बसत होतं. मी वल्हं उचललं.

तेवढ्यात मागच्या बाजूचं चित्र आलं. सगळी होडी करडी, आणि मागच्या फळीजवळ एकच पांढरा ठिपका. ताऱ्यासारखा.

"धातू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पितळ असेल. लाकडापेक्षा जास्त उजेड परत देतं."

होडी काठाला आणली, ओढली, बूच काढलं, खुंटीवर अडकवलं. आणि हात तिथंच राहिला.

१६ नोव्हेंबर

वहिनींना एवढंच सांगितलं — होडी सापडली, खाणीच्या बाजूला. दादा नाही. उद्या डॉक्टरबाई फोटो घेऊन येतायत.

त्यांनी विचारलं, "तुम्ही ओळखली?"

"खाच बघून."

"बरं."

दिवसभर घर झाडलं त्यांनी. माझी खोलीसुद्धा.

खुंटीवर बूच आहे म्हणजे भोक उघडं होतं. चालत्या होडीचं बूच खुंटीवर नसतं. ते आपणहून निघत नाही, दोन हातांनी पिळून काढावं लागतं. आणि निघालं तरी आपणहून खुंटीवर जाऊन बसत नाही! लाट आली, ओझं झालं, पाय घसरला — यातलं काहीही बुचाला खुंटीवर अडकवत नाही. माणूस अडकवतो. तोही कुठलाही नाही, ज्याने बाबांचा मार खाल्लाय तोच. होडी बुडवायला निघालेला असला तरी.

काठ तिथून जवळ. दादा पाण्यात मासा होता. वर खाणीचा रस्ता, ट्रक जायचे.

सांगू की नको? सांगितलं तर काय, नाही सांगितलं तर काय. पान उलटून उलटून बघतो, तू काही बोलत नाहीस.

नाही सांगत. दगडाचं ओझं झालं, बस. वहिनींना ठिपका कुठला दिसायला!

१७ नोव्हेंबर

डॉक्टरबाई चहाला आल्या. वहिनींनी चांगले कप काढले. फोटो मोठ्या कागदावर होता. वहिनींनी आधी चष्मा पुसला, मग कागद पुसला, मग खिडकीशी नेऊन डोळ्याच्या इतका जवळ धरला की नाक टेकलं. मी म्हटलं, दिसणार नाही वहिनी, असू दे. त्या म्हणाल्या, "गप बसा."

बोट पुढच्या टोकाशी. खाच. मधली फळी. "इथं मी बसायचे, पलीकडे माहेरी जाताना." दगड. "हे काय?" दगड, मी म्हटलं. ओझं झालं असेल. "हं." बोट सरकत सरकत मागे गेलं आणि थांबलं.

"इथं चमकतंय काय?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं, पितळ वगैरे असावं, होडीच्या कुठल्यातरी भागाचं.

वहिनींनी कागद खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे. मग त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "साखर कमी झाली का गं चहात?" नाही म्हणाल्या त्या. मग इकडचं तिकडचं. लग्न झालंय का, आई कुठे असते, पाण्यात थंडी वाजत नाही का. डॉक्टरबाई फोटो ठेवून गेल्या.

दार लागलं आणि वहिनी हसायला लागल्या! मी घाबरलो. पाणी आणलं. त्यांनी हात झाडला.

"जातानासुद्धा खुंटीवर! सगळं सोडलं माणसाने — घर, बायको, कडेवरची पोर. आणि बूच काढलं ते खुंटीला लावलं!"

मी म्हटलं, वहिनी, असंच असेल असं नाही.

"मग कसं असेल? सांगा ना. तुम्ही नावाडी ना?"

मी फोटो सरळ करून ठेवला.

"दगड बघा कसे लावलेत. ओळीने! होडी तिरकी जाऊ नये, सरळ जावी म्हणून. केवढा वेळ लागला असेल. होडीला व्यवस्थित पोचवून गेले भाऊजी. मला नाही पोचवलं."

मग हसणं थांबलं. रडल्या नाहीत. "बत्तीस वर्षं मी ओरडले नाही त्यांच्यावर," म्हणाल्या. "मेलेल्या माणसावर काय ओरडायचं? आता ओरडायला माणूस आहे, तर तो कुठे आहे ते माहीत नाही."

थोड्या वेळाने विचारलं, "तुम्हाला परवाच कळलं होतं ना?"

"हो."

"आणि सांगणार नव्हतात."

"नव्हतो."

"दोघंही एकाच बापाचे," म्हणाल्या आणि कप विसळायला घेतले.

१८ नोव्हेंबर

वहिनींनी पुतणीला स्वतः फोन केला. "येऊन घेऊन जा."

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणायचात, ते वर आले की.

"ते पाण्यात नाहीतच, तर वर कुठून येतील? मग मी पाण्याकडे बघत कशाला बसू? आणि डोळे तरी कशाला घालवू?"

मी इतके दिवस हिशेब मांडला होता — सापडला तर जातील, न सापडला तर राहतील. तिसरं काही असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

पुतणीला बुचाचं सांगायचं का, विचारलं. "तिला मी सांगेन. मला जमेल तेव्हा. बाप बुडाला असं ऐकतच मोठी झालीय ती, आता एका दिवसात पळून गेला कसं सांगू? तुम्ही मधे तोंड घालू नका."

घालत नाही.

२१ नोव्हेंबर

गेल्या.

एक पेटी, एक गाठोडं, आणि खिडकीतली उशी. फोटो नाही नेला. पुतणी मला मिठी मारून म्हणाली, "काका, औषधं वेळेवर. आणि गॅस बंद आहे, मी बघितलाय." वहिनी गाडीत बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "दूध तापवून ठेवलंय. मागच्या दाराची कडी सैल आहे, सारखी बघायला जाऊ नका, ती तशीच आहे." मी बरं म्हटलं. गाडी पुलावरून गेली. पुलावरून जायला किती कमी वेळ लागतो! दादाच्या होडीत बसल्या असत्या तर अजून अर्ध्यात असत्या.

कडी बघून आलो. सैल आहे.

२४ नोव्हेंबर

लेसरवाले निघाले. नळाची वाट ठरली, होडीच्या जरा अलीकडून जाणार. होडी काढायचं काम नाही. मी विचारलं, तिथंच राहील? राहील, म्हणाल्या. चरखीवाल्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला, जोरात. खांदा दुखतोय.

डॉक्टरबाई जाताना म्हणाल्या, "आजोबा, त्या चमकत्या वस्तूचं तुम्हाला काही कळलं होतं का?"

मी म्हटलं, बूच होतं. होडीचं.

त्या पुढे काही विचारतील असं वाटलं. विचारलं नाही. चष्मा परत मागायचं विसरल्या. हिरव्या उजेडाचा. ठेवून घेतलाय. लावला की सगळं घर तांबडं दिसतं.

२७ नोव्हेंबर

वहिनींच्या एका डोळ्याचं झालं. चांगलं झालं. पुतणी म्हणाली, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा पडद्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, हा कसला रंग निवडलास?

पुढच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसून बघितलं. पाठीला वारा लागतो. कशा बसायच्या काय माहीत.

२ डिसेंबर

दादा, हे तुला. वही तुझ्यासाठीच लिहीत होतो हे तिला आजवर कळू दिलं नव्हतं, मलाही नव्हतं कळलं. असशील तर एकोणऐंशीचा असशील. होडी सापडली. सरळ बसलीय, दगड हललेले नाहीत, बूच खुंटीवर आहे. बाबा नाहीत आता, मारायला कुणी नाही. वहिनी मुलीकडे आहेत, त्यांना तुझ्यावर ओरडायचंय, तेवढं ऐकून घे. मी घरीच आहे, घर तेच आहे, मागची कडी सैल आहे. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण एक ओळ पाठव. लवकर पाठव.